कॅम्पसवरचे ज्यू 'एंगेजमेंट इंटर्न' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींचे मराठी पालक, तिथले काही विद्यार्थी आणि मुंबई-ठाण्यातील बेने इस्रायल (कोकणातून आलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाचे) वाचक यांच्याकडून या विषयावर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका ठिकाणी आणले आहेत. ज्या उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या मुलीची रूममेट सांगते की तिला 'लोकांबरोबर कॉफी पिण्याचे' पैसे मिळतात. असे काम खरोखर असते का?

असते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत 'हिलेल' ही ज्यू विद्यार्थी संस्था काही विद्यार्थ्यांना मानधनावर अर्धवेळ इंटर्न म्हणून नेमते. हिलेलच्या दारात कधी न आलेल्या ज्यू विद्यार्थ्यांशी ओळख वाढवणे आणि त्या ओळखींतून त्यांचा आपसांत गोतावळा तयार होऊ देणे, एवढेच त्यांचे काम असते. कॉफी हे निमित्त आहे. कोणी त्याऐवजी जिममध्ये भेटतो, कोणी लाँड्रीच्या यंत्रापाशी. प्रत्येक इंटर्नने वर्षभरात साधारण साठ जणांशी नाते जोडावे, असा आकडा या योजनेत सुरुवातीपासून रूढ आहे. त्या साठांचे पुढे काय होते, ते प्रश्न ७ ते १० मध्ये आले आहे.

२. हिलेल ही धार्मिक संस्था आहे की विद्यार्थी संघटना?

दोन्हींच्या मधली. तिची सुरुवात १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील कॅम्पसवर झाली. आपल्या वर्गातील ज्यू विद्यार्थ्यांना स्वतःच्याच परंपरेची फारशी माहिती नाही, हे बायबलचे साहित्य शिकवणाऱ्या एडवर्ड चॉन्सी बाल्डविन या ख्रिश्चन प्राध्यापकांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्याबद्दल ज्यू पुढाऱ्यांचे कान टोचले. बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बायने (ज्यू धर्मगुरूने) काम अंगावर घेतले आणि ब्नाइ ब्रिथ या जुन्या ज्यू संस्थेने लवकरच त्याला आधार दिला. फ्रँकेल १९२७ मध्येच वारले. त्यांच्यानंतर काम पुढे नेणारे एब्रम साकर पुढे १९४८ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले.

नाव घेतले आहे ते प्राचीन जेरुसलेममधील हिलेल या आचार्यांचे. 'एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळा तोरा (ज्यूंचे धर्मशास्त्र) शिकव' असे म्हणणाऱ्या परधर्मीयाला त्यांनी सांगितले की तुला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस, बाकी सारे भाष्य आहे, जा आणि शीक. इंटर्नच्या प्रशिक्षणाला ही कथा चपखल बसते, कारण त्यालाही समोरच्याचा वेळ साधारण एका पायावर उभे राहण्याइतकाच मिळतो.

३. इमारत, जेवण, रब्बाय असे सगळे आधीच असताना हे इंटर्न कशासाठी?

कारण इमारतीत येणारे चेहरे तेच ते असतात. शुक्रवारी संध्याकाळी शब्बातच्या (शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाला येणारी मुले बहुधा ज्यू शाळेत किंवा ज्यू उन्हाळी शिबिरांत वाढलेली असतात. ती एकमेकांना आधीच ओळखतात, प्रार्थनेची चाल त्यांच्या तोंडात असते आणि दारात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला हे एका मिनिटात कळते. तो पुन्हा येत नाही. त्याला कोणी हाकललेले नसते, तरीही तो परत फिरलेला असतो.

या जाणिवेला १९९० च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीने धार आणली. नजीकच्या वर्षांतील विवाहांपैकी ५२ टक्के आंतरधर्मीय आहेत, हा त्या पाहणीतला आकडा पुढे वादग्रस्त ठरला. पण तोवर अमेरिकेतील ज्यू संस्थांची झोप उडाली होती. १९९० च्या दशकात हिलेलने नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना या कामासाठी पूर्णवेळ नेमून पाहिले. त्यानंतरच्या दशकात पुढचे पाऊल पडले : पदवीधर तरी कशाला, शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनाच हे काम का देऊ नये? 'कॅम्पस आंत्रप्रेन्युअर्स' या नावाने हा प्रयोग सुरू झाला आणि जिम जोसेफ फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या मदतीने दहा विद्यापीठांत त्याला अनुभवी ज्यू शिक्षकांची जोड मिळाली. शिक्षक आणि इंटर्न ही जोडी महत्त्वाची होती, कारण ओळख विद्यार्थी करून देऊ शकतो. पण ओळखीनंतर 'मेल्यानंतर काय होते असे आपला धर्म मानतो?' हा प्रश्न आला की एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणाकडे तरी बोट दाखवता आले पाहिजे.

४. 'सहभागी नसलेला' विद्यार्थी नेमका कोण?

या शब्दाने बराच गोंधळ होतो. त्याचा अर्थ नास्तिक असा नाही, धर्म सोडलेला असाही नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या पाहणीनुसार अमेरिकेतील ज्यू प्रौढांपैकी २७ टक्के स्वतःला वंशाने, संस्कृतीने किंवा घराण्याने ज्यू मानतात, पण धर्म विचारला तर 'कोणताही नाही' असे सांगतात; तीस वर्षांखालील प्रौढांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. यांतले कित्येक जण घरी हनुका या दिव्यांच्या सणाच्या मेणबत्त्या लावतात, पेसाखला (इजिप्तमधून सुटकेच्या सणाला) आजीकडे जातात, आणि तरीही कॅम्पसवरील एकाही ज्यू संस्थेच्या यादीत नसतात. उलट काही कडक धर्मपालक विद्यार्थीही आपल्यापुरते राहतात आणि हिलेलशी त्यांचा संबंध येत नाही. म्हणून या कामात 'सहभागी नसलेला' म्हणजे कॅम्पसवरील ज्यू गोतावळ्यात ज्याची कोणाशी ओळख नाही असा, इतकाच व्यावहारिक अर्थ घ्यावा.

५. इंटर्न म्हणून सर्वांत धार्मिक मुलांची निवड होत असेल ना?

नाही, आणि या योजनेचे सगळे मर्म इथेच आहे. शब्बातच्या टेबलावर दर आठवड्याला दिसणारा विद्यार्थी निवडला तर तो त्याच्याच ओळखीचे साठ जण आणेल, आणि ते तर आधीपासून तिथे असतात. म्हणून नाटकाच्या गटातली, रोइंगच्या संघातली, अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत रात्र काढणारी, विद्यार्थी वसतिगृहाची लाडकी अशी मुले शोधली जातात, ज्यांचे मित्र पुष्कळ आहेत आणि ज्यांचा स्वतःचा हिलेलशी संबंध जेमतेम आहे. 'मला हिब्रू वाचता येत नाही' हे कित्येकदा अडचण म्हणून नव्हे, तर पात्रता म्हणून कामी येते. अर्थात अशा इंटर्नला स्वतःलाही वर्षभर शिकवावे लागते. आठवड्याची बैठक, शिक्षकाबरोबर वाचन आणि पर्यवेक्षकाशी एकट्याने बोलणे हे कामाचे भाग असतात. हे शिक्षण जिथे वगळले जाते, तिथे इंटर्न केवळ कार्यक्रमांचे आमंत्रक होऊन बसतात, असे आमचे मत आहे.

६. साठ नावे मिळतात कुठून? विद्यापीठ धर्माची यादी देते का?

काही विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी ऐच्छिक प्रश्न विचारतात आणि विद्यार्थ्याने स्वतः भरलेली माहिती धार्मिक संस्थांना देतात. अनेक सरकारी विद्यापीठे असे काही विचारतच नाहीत. त्यामुळे खरी यादी इंटर्नच्या फोनमध्ये असते. पहिल्या बैठकीत बहुधा कोऱ्या कागदावर वर्तुळे काढायला सांगतात : वर्ग, मजला, संघ, नोकरी, जुनी शाळा. प्रत्येक वर्तुळात ओळखीचे ज्यू कोण, याचा विचार करता करता वीस-पंचवीस नावे निघतात. उरलेली त्या वीस जणांकडून येतात.

आडनावावरून शोध घेणे हा मात्र आळशी आणि फसवा मार्ग आहे. कोहेन किंवा लेव्ही दिसले की खूण करायची, ही सवय लागली तर ज्यू आईची पण आयरिश आडनावाची मुलगी सुटते, इराणी किंवा इथिओपियन घरातला मुलगा सुटतो, आणि पेणकर तर हमखास सुटतो (प्रश्न १३ पाहा). शिवाय ज्याला स्वतःची ओळख उघड करायची नाही, त्याच्या आडनावावर बोट ठेवणे असभ्यपणाचे आहे.

७. पहिल्या भेटीत बोलायचे तरी काय?

इंटर्नकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे. एक नियम सोपा आहे : पहिल्या भेटीत कार्यक्रमाचे आमंत्रण द्यायचे नाही. आमंत्रण दिले की समोरच्याला ही भेट त्यासाठीच होती असे वाटते आणि त्याचे उरलेले वाक्य तो गिळतो.

समजा, समोरचा म्हणाला, 'मी तसा नावालाच ज्यू. लहानपणी पेसाखला आजीकडे जायचो, तेवढेच.' नवखा इंटर्न इथे लगेच म्हणतो, 'अरे, आमच्याकडेही सेदर (पेसाखचे विधिवत जेवण) असतो, ये ना.' शिकलेला इंटर्न विचारतो, 'आजीच्या टेबलावर काय काय असायचे?' मग मात्झोच्या (पेसाखच्या बिनखमिरी पावाच्या) गोळ्यांचे सूप येते, आजीचा पोलंडमधला किंवा मोरोक्कोतला गाव येतो, आजी गेल्यावर सगळे थांबले हेही येते. 'तेवढेच' या शब्दात किती मावले होते हे बोलणाऱ्यालाच नव्याने कळते. या भेटीत इंटर्नचे बोलणे कमी आणि ऐकणे जास्त असले पाहिजे.

हिलेलच्याच परिवारातून निघालेल्या एका उपक्रमात अवघड प्रश्न आणि मोठा प्रश्न असा भेद करतात, तो इथे उपयोगी आहे. अवघड प्रश्नाला उत्तर द्यायला माहिती लागते. 'कोशर (धर्मनियमांनुसार चालणारे अन्न) म्हणजे काय?' असे विचारले की ज्याला ठाऊक नाही तो गप्प होतो. मोठ्या प्रश्नाला स्वतःचे आयुष्य पुरते. 'तुला घरी असल्यासारखे कुठे वाटते?' याचे उत्तर कोणालाही देता येते. 'मी पुरेसा ज्यू नाही' असे मनात धरून बसलेल्याला पहिला प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि दुसऱ्याने त्याच्यावरचे दडपण उतरते.

८. ओळख झाली, पुढे काय? शेवटी हिलेलच्या इमारतीत आणायचेच ना?

आणलेच पाहिजे असे नाही. कोणी आपल्या भाड्याच्या खोलीत आठ जणांना शुक्रवारी जेवायला बोलावतो. संस्था किराणा देते, मेणबत्त्या देते, आणि वाइन, पाव व मेणबत्त्यांवरचे आशीर्वाद छापलेला कागद देते. कोणी चार मैत्रिणींना जमवून खल्ला हा वेणीसारखा गुंफलेला पाव भाजते. (हिब्रू उच्चार मराठी कानाला 'हल्ला' असाही ऐकू येतो, 'आज रात्री आमच्याकडे हल्ला आहे' असा निरोप मराठी मित्रांना पाठवण्याआधी विचार करावा.) सुक्कोत या मांडवांच्या सणाला अंगणात उभारलेल्या मांडवात बसून अभ्यास, चित्रपटानंतरची चर्चा, आजीआजोबांच्या स्थलांतराच्या कहाण्यांची एक संध्याकाळ, असे काहीही चालते.

यजमान मात्र बदलत गेला पाहिजे. पहिले जेवण इंटर्नने घातले, दुसरे त्याच्या साठांपैकी एकीने घातले आणि तिसऱ्याची बातमी इंटर्नला नंतर कळली, तर काम जमले असे आम्ही समजतो. वर्षअखेरीस प्रत्येक जेवण इंटर्नच्याच खोलीत होत असेल, तर त्याने लोकप्रियता मिळवली आहे, गोतावळा तयार केलेला नाही.

९. पैसे घेऊन मैत्री करणे हे फसवे नाही का?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. दुसऱ्या सत्रात 'तू माझ्याशी मैत्री केलीस ती कामासाठी का?' असे एखाद्याने विचारले की इंटर्नच्या पोटात गोळा येतो. उपाय एकच, तोही आधीचा : पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच 'मी हिलेलसाठी काम करते, ज्यू विद्यार्थ्यांना भेटणे हे माझे काम आहे, म्हणून तुला भेटावेसे वाटले' असे सरळ सांगावे. हे ऐकून कॉफी सोडून उठणारे फार थोडे असतात, आणि जे उठतील त्यांना उठण्याचा हक्क आहे.

मानधनाबद्दल आमचे मत असे की ते नसते तर हे काम फक्त ज्यांना संध्याकाळी नोकरी करावी लागत नाही अशा मुलांच्या वाट्याला आले असते. खरी अडचण मानधनाची नाही, नोंदींची आहे. ती पुढच्या उत्तरात आहे.

१०. यश मोजतात कसे? साठ नावांची एक्सेल शीट म्हणजे समाज का?

नाही, पण शीट असते. कोणाला कधी भेटलो, त्याला कशात रस आहे, पुढे कोणाशी गाठ घालून द्यायची, याची नोंद इंटर्न ठेवतो. देणगीदारांना आकडे लागतात आणि आकडे मोजायला सोपे आहेत : एका कॅम्पसवर बारा इंटर्न, प्रत्येकी साठ, म्हणजे सातशेवीस. मात्र तीच नावे दोघांच्या यादीत येतात, एकदा हात हलवलेला माणूसही 'संपर्क' म्हणून लागतो, आणि मे महिन्यात भरपाईच्या कॉफ्या सुरू होतात. अशा वेळी पर्यवेक्षकाने संख्या कमी करून द्यावी. पस्तीस खरी नाती साठ नोंदींपेक्षा बरी.

नोंदीत काय लिहू नये, हेही ठरलेले असावे. आजार, घरातले भांडण, लैंगिकता, पैशांची तंगी या विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी शीटमध्ये जात नाहीत. कोणी स्वतःला इजा करण्याविषयी बोलले, तर मात्र गुप्ततेचे वचन न देता त्याच दिवशी पर्यवेक्षकाला आणि विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राला कळवायचे असते.

११. शब्बात पाळणाऱ्या इंटर्नला शुक्रवारच्या रात्रीचे मानधन घेता येते का?

प्रश्न बारीक आहे, पण दरवर्षी येतो. शब्बातच्या दिवशी केलेल्या कामाचा स्वतंत्र मोबदला घेणे रब्बायांनी निषिद्ध मानले आहे. मात्र तो मोबदला आठवड्याच्या किंवा महिन्याच्या एकत्रित वेतनात सामावलेला असेल, तर चालतो. सत्राचे एकरकमी मानधन असल्यास बहुधा अडचण येत नाही, 'प्रत्येक शब्बातमागे इतके' असे ठरले असल्यास येते. हजेरी लिहिणे आणि फोनवरून निरोप पाठवणे ही कामे शनिवारी रात्री तारे दिसल्यानंतरची. अंतिम निर्णय त्याने आपल्या रब्बायला विचारूनच घ्यावा.

१२. फक्त वडील ज्यू असलेल्या विद्यार्थ्याला साठांत धरायचे का?

धरायचे. पारंपरिक धर्मशास्त्रानुसार ज्यूपण आईकडून येते, आणि ऑर्थोडॉक्स व कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ तेच मानतात. अमेरिकेतील रिफॉर्म पंथाच्या रब्बायांनी १९८३ मध्ये ठराव करून, आई किंवा वडील यांपैकी कोणीही ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून उघडपणे वाढले असेल, तर त्याला ज्यू मानायचे ठरवले. हिलेल सर्व पंथांना एकत्र ठेवते, म्हणून कॉफीच्या टेबलावर कोणाची वंशावळ तपासली जात नाही. जिथे प्रश्न खरोखर धर्मशास्त्राचा असतो, उदाहरणार्थ ऑर्थोडॉक्स प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत कोणाला मोजायचे, तिथे तो त्या त्या प्रार्थनागटाचा निर्णय असतो, इंटर्नचा नव्हे. 'तू खरा ज्यू आहेस का?' हे वाक्य इंटर्नच्या तोंडून कधीच निघता कामा नये. वडिलांकडून ज्यू असलेली कित्येक मुले नेमक्या याच वाक्यामुळे दूर गेलेली असतात.

१३. आम्ही बेने इस्रायल आहोत. माझा मुलगा अमेरिकेत गेला, पण त्याला ज्यू म्हणून कोणी ओळखतच नाही. त्याने काय करावे?

त्याने इंटर्नची वाट पाहू नये. स्वतःच हिलेलला कळवावे. अमेरिकी कॅम्पसवर 'ज्यू' म्हटले की पूर्व युरोपातून आलेले घराणे गृहीत धरले जाते. रोहेकर, किहीमकर, पेणकर ही कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावे त्या चौकटीत बसत नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले आपले पूर्वज तिथल्या पाठ्यक्रमात बहुधा नसतात. उलट चौकशीही सोसावी लागते. इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत धर्मपीठाने घातलेल्या अटींवरून मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे मान्य झाले. या इतिहासाची थोडी माहिती मुलाकडे असलेली बरी.

चांगला इंटर्न अशा विद्यार्थ्याला 'भारतातले ज्यू' या विषयावर भाषण द्यायला लावत नाही. तो त्याला एका शुक्रवारी यजमान होऊ देतो. टेबलावर मलिदा असला, रोश हशानाला (ज्यू नववर्षाला) 'नव्याचा सण' आणि योम किप्पुरला (प्रायश्चित्ताच्या उपवासाला) 'दारफळणीचा सण' म्हणतात हे बोलता बोलता निघाले, की टेबलावरच्या बाकीच्यांना आपल्या आजीचे शब्द आठवू लागतात.

१४. इस्रायलविषयी तीव्र मतभेद असलेल्यांना इंटर्नने कसे सामावून घ्यावे?

हिलेलची भूमिका तटस्थ नाही, हे आधी स्पष्ट असावे. इस्रायलवर बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्या गटांना किंवा वक्त्यांना आपले व्यासपीठ द्यायचे नाही, असे तिचे २०१० पासूनचे मार्गदर्शक नियम आहेत. त्यांना विरोध म्हणून 'ओपन हिलेल' ही विद्यार्थी चळवळ उभी राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये स्वार्थमोर कॉलेजच्या गटाने आपण हे नियम मानत नसल्याचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये हिलेल हे नावही सोडले. इस्रायलवरचा हमासचा ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला, गाझातील युद्ध आणि २०२४ च्या वसंतात कॅम्पसवर युद्धविरोधी आंदोलकांनी ठोकलेले तंबू यांनंतर परिस्थिती अधिकच नाजूक झाली. काही विद्यार्थी त्या काळात पहिल्यांदाच हिलेलचे दार शोधत आले, तर काहींनी नेमके तेव्हाच पाठ फिरवली; इंटर्नच्या यादीत दोघेही असतात.

इंटर्न संस्थेचा प्रवक्ता नाही, पण तिचा नोकर आहे, आणि हे दोन्ही त्याने सांगावे. संस्थेच्या व्यासपीठाचे नियम त्याला बदलता येत नाहीत. कोणाबरोबर कॉफी प्यायची हे मात्र त्याचे तोच ठरवतो. ज्या पर्यवेक्षकाला हा फरक मान्य नाही, त्याच्या हाताखाली हे काम प्रामाणिकपणे होईल असे आम्हाला वाटत नाही.

१५. शबाद, बर्थराइट, मोइशे हाऊस यांहून हे वेगळे कसे?

शबाद ही हासिदी ऑर्थोडॉक्स चळवळ आहे. तिच्या घरात रब्बाय आणि त्यांची पत्नी कायमचे राहायला येतात आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर सर्वांना बोलावतात. कॅम्पसवरील असे पहिले घर १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएजवळ सुरू झाले. बर्थराइट ही १९९९ पासूनची तरुणांसाठी इस्रायलची मोफत दहा दिवसांची सहल आहे. परतलेल्यांशी संपर्क ठेवणे हे अनेकदा इंटर्नच्याच गळ्यात पडते. मोइशे हाऊस २००६ मध्ये ओकलँडला सुरू झाले आणि ते पदवीनंतरच्या वयासाठी आहे : एकत्र राहणारे तरुण आपल्या घरात कार्यक्रम करतात आणि त्या बदल्यात त्यांना भाड्यात मदत मिळते. पहिल्या दोहोंत बोलावणारा वडीलधारा किंवा संस्था असते. इंटर्नच्या योजनेत बोलावणारा शेजारच्या खोलीतला असतो.

१६. माझ्या हिंदू मुलाला अशा शब्बातच्या जेवणाचे आमंत्रण आले आहे. जावे का? हा धर्मप्रसार तर नाही?

निःशंक जावे. ज्यू परंपरा धर्मांतरासाठी लोकांना आपणहून बोलावत नाही, आणि इंटर्नचे काम ज्यू विद्यार्थ्यांपुरते आहे. मित्र पाहुणा म्हणून येतो. सोबत काही न्यायचे असल्यास फुले किंवा फळे न्यावीत, घरी केलेला पदार्थ कोशरच्या नियमांमुळे आधी विचारल्याशिवाय नेऊ नये. शाकाहारी असल्यास तसे आधी कळवावे, कारण शुक्रवारी बहुधा कोंबडी असते.

१७. एखाद्याने स्पष्ट 'नको' म्हटले तर पुन्हा विचारावे का?

नाही. नाव यादीतून काढावे, दुसऱ्या इंटर्नलाही कळवावे की याला संदेश पाठवू नका. 'आत्ता नको' हे वेगळे उत्तर आहे. त्याला एका सत्रानंतर साधा 'कसा आहेस' एवढा निरोप चालतो, त्यात कार्यक्रमाची लिंक नसावी.

१८. इंटर्नशिप संपली, इंटर्न पदवी घेऊन गेला. त्याच्या साठ जणांचे काय?

संस्थेला वाटते की शीट पुढच्या इंटर्नच्या हाती दिली की झाले. तसे होत नाही, कारण ओळखीचे हस्तांतर फाइलसारखे करता येत नाही. जाणाऱ्याने शेवटच्या महिन्यात नवीन कोणाला भेटण्याऐवजी आपल्या साठांतल्या दोघादोघांची, ज्यांची अजून भेट नाही अशांची, एकमेकांशी गाठ घालून द्यावी. नव्या इंटर्नची ओळख प्रत्यक्ष बसून करून द्यावी. आणि विश्वासाने सांगितलेले काही नोंदीत राहिले असेल, तर ते पुसूनच शीट द्यावी.